जखमेच्या जंतुनाशकाची औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंवर चाचणी: कोरी प्लेट पाहून थांबू नका

क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाची पहिली चाचणी मी लावली तेव्हा दुसऱ्या दिवशी इन्क्युबेटरमधून निघालेली प्रत्येक प्लेट कोरी होती. पंधरा सेकंदांची कोरी, पाच मिनिटांची कोरी, शंभरपट पातळ केलेल्या द्रावणाचीसुद्धा कोरी. एमआरएसए (मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस) इतका सहज मरतो हे पाहून मी वहीत मोठ्या अक्षरांत निकाल लिहिला. मॅडमनी वही चाळली आणि एकच विचारलं, "न्यूट्रलायझर कोणता घातलास?"

न्यूट्रलायझर म्हणजे ठरलेल्या क्षणी जंतुनाशक बंद पाडणारं रसायन. मी तो घातलाच नव्हता. नमुना सलाइनमध्ये पातळ करून थेट प्लेटवर पसरवला होता. त्याच्याबरोबर क्लोरहेक्सिडिनही प्लेटवर गेलं आणि जिवंत उरलेल्या जिवाणूंना तिथे वाढू देत नव्हतं. पुढच्या आठवड्यात तीच चाचणी नीट लावली, तर कमी वेळाच्या प्लेटांवर कॉलन्यांची इतकी गर्दी की मोजता येईना. तो पहिला आकडा कुणी वॉर्डात नेला असता, तर एखाद्याची जखम पंधरा सेकंदांत "निर्जंतुक" ठरवून बांधली गेली असती. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की या चाचणीत जंतुनाशकापेक्षा आधी स्वतःची पद्धत तपासायची असते. हा लेख त्यासाठी. सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा, दुसऱ्या वर्गाचं बायोसेफ्टी कॅबिनेट आणि हात बसलेली माणसं हे सगळं आहे असं धरून लिहितो आहे. घरी जखम धुण्याचा सल्ला यात नाही.

आधी प्रश्न नेमका करा

"हे जंतुनाशक प्रतिरोधक जिवाणूंवर चालतं का?" हा प्रश्न फार ढोबळ आहे. प्रतिजैविकाला दाद न देणारा जिवाणू जंतुनाशकालाही दाद देणार नाही, असं आपोआप ठरत नाही. एमआरएसएकडे मेकए हा जनुक असतो. त्याच्यामुळे पेशीभित्तिका बांधणारं एक वेगळं प्रथिन तयार होतं आणि मेथिसिलिनच्या कुळातली औषधं त्याला नीट चिकटू शकत नाहीत. क्लोरहेक्सिडिन, ऑक्टेनिडिन किंवा पीएचएमबी (पॉलिहेक्सानाइड) ही जंतुनाशकं मात्र पेशीच्या पटलावरच घाला घालतात. आयोडीन आणि हायपोक्लोराइट तर प्रथिनं, मेद, जे समोर येईल त्याचं ऑक्सिडीकरण करतात. कुलूप बदलून चोर अडवता येईल, पण इथे भिंतच पाडली जाते आहे.

तरीही काही जिवाणूंकडे जंतुनाशक बाहेर फेकणारे पंप असतात. स्टॅफिलोकॉकसमधले क्यूएसीए आणि क्यूएसीबी हे जनुक बहुधा प्लाझ्मिडवर, म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या सुट्या वर्तुळावर, बसून फिरतात. एसिनेटोबॅक्टरमध्ये एसीईआय नावाचा पंप क्लोरहेक्सिडिन बाहेर टाकतो. अशा जिवाणूंत वाढ रोखायला लागणारी किमान मात्रा, म्हणजे एमआयसी, काही पटींनी वाढलेली दिसते. हा आकडा वाचताना घाबरण्याआधी एक हिशोब करावा. स्टॅफिलोकॉकस ऑरियससाठी क्लोरहेक्सिडिनची एमआयसी साधारण लिटरला १ ते ४ मिलिग्रॅम असते. ०.०५ टक्क्याच्या द्रावणात लिटरला ५०० मिलिग्रॅम असतं. म्हणजे एमआयसी चौपट झाली तरी बाटलीतलं द्रावण तिच्या कितीतरी वर आहे.

मग चाचणी करायची कशाला? कारण जखमेत ते ५०० मिलिग्रॅम तसंच राहत नाही. स्राव त्याला पातळ करतो, प्रथिनं त्याला बांधून ठेवतात, बायोफिल्ममध्ये (जिवाणूंच्या चिकट थरात) ते आतपर्यंत शिरत नाही आणि परिचारिकेच्या हातात वेळ असतो दोन मिनिटांचा. म्हणून प्रश्न असा मांडा: अमुक जिवाणू, अमुक टक्क्याचं द्रावण, अमुक इतकी घाण, अमुक इतका वेळ, अमुक तापमान, यात किती लॉग घट (१ लॉग म्हणजे जिवाणू दहापट कमी) मिळते? यातलं एकही कलम मोकळं सोडलं तर येणारा आकडा तपासून घेता येत नाही.

जंतुनाशकात भिजवलेली कागदी डिस्क अगारवर ठेवून भोवतीचं वाढ नसलेलं वर्तुळ मोजण्याची पद्धत या कामाला वापरू नका. सोपी आहे म्हणून ती जागोजागी दिसते. पण अगारमध्ये कोणता रेणू किती लांब सरकतो यावर ते वर्तुळ अवलंबून असतं. धनभारित क्लोरहेक्सिडिन किंवा पीएचएमबी अगारमध्येच अडकतं. छोटं वर्तुळ म्हणजे दुबळं जंतुनाशक, असा अर्थ काढला तर चांगल्या द्रावणावर अन्याय होतो. शिवाय वर्तुळातून वाढ थांबली एवढंच कळतं, जिवाणू मेले की नाही हे कळत नाही.

जिवाणू कोणते घ्यावेत

दोन गट घ्या. पहिला गट प्रमाणित, औषधांना दाद देणाऱ्या जिवाणूंचा. युरोपीय ईएन १३७२७ या मानकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस एटीसीसी ६५३८ (एटीसीसी हा अमेरिकेतला जिवाणूंचा संग्रह, पुढचा आकडा त्यातला क्रमांक), सुडोमोनास एरुजिनोसा एटीसीसी १५४४२ आणि एन्टरोकॉकस हिरी एटीसीसी १०५४१ हे ठरलेले आहेत. ते असले की तुमचा आकडा दुसऱ्या प्रयोगशाळेच्या आकड्याशेजारी ठेवता येतो.

दुसरा गट प्रतिरोधकांचा. संग्रहातून मिळणाऱ्यांपैकी एमआरएसएसाठी एटीसीसी ४३३००, व्हॅन्कोमायसिनला दाद न देणाऱ्या एन्टरोकॉकससाठी एटीसीसी ५१२९९, केपीसी असलेल्या क्लेब्सिएलासाठी एटीसीसी बीएए-१७०५, एनडीएम-१ असलेल्यासाठी बीएए-२१४६ (केपीसी आणि एनडीएम-१ ही कार्बापेनेम गटातली प्रतिजैविकं तोडणारी विकरं) आणि बहुऔषध-प्रतिरोधक एसिनेटोबॅक्टरसाठी बीएए-१६०५ हे वापरात आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या यादीत कार्बापेनेमला दाद न देणारे एसिनेटोबॅक्टर आणि एन्टरोबॅक्टरेलीस (क्लेब्सिएला याच गणातला) सर्वांत वरच्या गटात आहेत, म्हणून ते गाळू नका. यांच्या जोडीला जखमांतून मिळालेले ताजे जिवाणू ठेवा, प्रत्येक जातीचे निदान तीन ते पाच. संग्रहातला जिवाणू वर्षानुवर्षं सुखाने वाढलेला असतो. जखमेतून आलेला पुष्कळदा चिवट, चिकट, हट्टी निघतो. रुग्णाचं नाव किंवा ओळख पटेल अशी कोणतीही खूण प्रयोगशाळेच्या वहीत येता कामा नये. नमुन्याला फक्त क्रमांक द्या.

ताजे जिवाणू ग्लिसरॉलमध्ये उणे ७० अंशांखाली साठवा. बाहेर काढल्यावर प्रतिरोध टिकून आहे का ते दर वेळी तपासा. एमआरएसएसाठी ३० मायक्रोग्रॅम सेफॉक्सिटिनची डिस्क पुरते. ग्रॅम-निगेटिव्हसाठी (इथे क्लेब्सिएला आणि एसिनेटोबॅक्टर) मेरोपेनेम या कार्बापेनेमची लावा. ही डिस्क प्रतिजैविकाची आहे, वर सांगितलेली हरकत तिला लागू नाही. प्लाझ्मिडवरचा प्रतिरोध दोन-चार सबकल्चरमध्ये गळून जाऊ शकतो आणि मग लेबलवर प्रतिरोधक पण नळीत साधा जिवाणू, अशी गफलत होते. उलट बाजूही सांभाळा: चाचणीसाठी वाढवलेल्या शेवटच्या प्लेटमध्ये प्रतिजैविक नको. ते आधीच जिवाणूला हैराण करतं आणि जंतुनाशक उगाच जास्त जोरकस दिसतं.

प्रत्येक द्रावणाचा स्वभाव

पोव्हिडोन-आयोडीन १० टक्के असतं, तेव्हा त्यात उपलब्ध आयोडीन सुमारे १ टक्का असतं आणि त्यातलंही मोकळं आयोडीन फारच थोडं. पातळ केलं की मोकळं आयोडीन आधी वाढतं, ०.१ टक्क्याच्या आसपास सर्वांत जास्त होतं आणि मग उतरतं. म्हणून याच्या पातळ द्रावणांची मालिका लावताना "जास्त दाट म्हणजे जास्त मारक" असं गृहीत धरू नका. मात्र पातळ द्रावणात राखीव साठा कमी असतो, थोडी प्रथिनं मिळाली की ते संपतं. तपकिरी रंग उडताना डोळ्यांनीही दिसतं.

हायपोक्लोराइटही तसंच खर्च होतं. पहिल्या महायुद्धात १९१५ च्या सुमारास हेन्री डेकिन आणि अलेक्सिस कॅरेल यांनी सुमारे ०.५ टक्क्याचं द्रावण जखमांसाठी वापरलं, तेव्हा ते एकदा ओतून भागत नसे, नळ्यांतून पुन्हा पुन्हा सोडावं लागे. चाचणीच्या दिवशी उपलब्ध क्लोरीन टायट्रेशनने मोजा. बाटलीवरच्या आकड्यावर विसंबू नका, कारण उघडी बाटली दिवसागणिक उतरत जाते.

क्लोरहेक्सिडिन फॉस्फेट बफर किंवा सलाइनमध्ये पातळ करू नका. क्लोराइड, फॉस्फेट, सल्फेट यांच्याबरोबर त्याचे न विरघळणारे क्षार तयार होऊ शकतात आणि द्रावण गढूळ होतं. शुद्ध पाणी वापरा, किंवा उत्पादनाच्या सूचनेत सांगितलं असेल तर ठरावीक कठीणतेचं पाणी. पीएचएमबी संथ आहे, त्याला १० ते १५ मिनिटं देणं रास्त. ऑक्टेनिडिन त्यामानाने झटपट. या दोघांना एकाच ३० सेकंदांच्या चाचणीत उभं करून पीएचएमबी नापास ठरवणं बरोबर नाही. पण वॉर्डात तेवढाच वेळ मिळत असेल, तर तेही तितकंच खरं आहे, म्हणून दोन्ही वेळा लावा.

ॲसेटिक आम्ल सुडोमोनासवर उपयोगी पडतं म्हणून १ ते ५ टक्क्यांत वापरतात. ते आणि हायपोक्लोराइट यांच्या उरलेल्या नळ्या एकाच बादलीत ओतू नका, क्लोरीन वायू सुटतो. हायपोक्लोराइटचा कचरा थेट ऑटोक्लेव्हमध्येही घालायचा नाही, आधी थायोसल्फेटने मारून घ्यायचा.

न्यूट्रलायझर: इथे घाई करू नका

न्यूट्रलायझरने दोन गोष्टी केल्या पाहिजेत. ठरलेल्या क्षणी जंतुनाशक बंद पाडायचं आणि जिवाणूला स्वतः काहीही करायचं नाही. प्रत्येक जंतुनाशक–जिवाणू जोडीसाठी हे वेगळं सिद्ध करावं लागतं. एकासाठी चाललं म्हणून सगळ्यांसाठी चालेल असं नाही.

क्लोरहेक्सिडिन, पीएचएमबी, ऑक्टेनिडिन यांसाठी लिटरला ३० ग्रॅम पॉलिसॉर्बेट ८०, ३० ग्रॅम सॅपोनिन आणि ३ ग्रॅम लेसिथिन ही सुरुवात चांगली. आयोडीन आणि क्लोरीनसाठी सोडियम थायोसल्फेट, लिटरला ५ ग्रॅमच्या आसपास. ते स्टॅफिलोकॉकसला कधीकधी जड जातं, म्हणून तिथे विषारीपणाचा कंट्रोल (पद्धत पडताळणारी जोडचाचणी, खालची दुसरी) विशेष लक्ष देऊन पाहा. हायड्रोजन पेरॉक्साइडसाठी कॅटलेज. चांदीसाठी थायोग्लायकोलेट आणि थायोसल्फेट एकत्र. तयार मिळणाऱ्या डे-एंगली ब्रॉथमध्ये यातलं बरंच काही एकत्र असतं. काही उत्पादनांना काहीच लागू पडत नाही. तेव्हा नमुना गाळणीच्या पातळ पडद्यातून गाळून, भरपूर धुऊन, तो पडदाच प्लेटवर ठेवावा लागतो.

तपासणीसाठी वेगळं, पातळ जिवाणू-द्रावण करा: मिलिलिटरला ३०० ते १,६०० जिवाणू. नळीत ते दहापट पातळ होऊन ३० ते १६० उरतात, म्हणजे मोजायला सोयीचे. तीन कंट्रोल लावा.

पहिला: जंतुनाशक नाही, फक्त प्रथिनांचं द्रावण (जखमेतल्या घाणीच्या जागी) आणि पाणी. चाचणीच्या परिस्थितीनेच जिवाणू मरत नाहीत ना, हे यातून कळतं.

दुसरा: फक्त न्यूट्रलायझर. तो स्वतः विषारी नाही ना?

तिसरा सर्वांत महत्त्वाचा. जंतुनाशक आणि प्रथिनांचं द्रावण जिवाणूंशिवाय मिसळा. ठरलेला वेळ झाल्यावर त्यातलं १ मिलि ८ मिलि न्यूट्रलायझरमध्ये घाला, पाच मिनिटं थांबा आणि आता वरचं पातळ जिवाणू-द्रावण १ मिलि घाला. अर्धा तास ठेवून प्लेट लावा. जंतुनाशक खरोखर बंद पडलं असेल तर जिवाणू जगतील.

तिन्हींत सुरुवातीच्या आकड्याच्या निदान निम्म्या कॉलन्या परत मिळाल्या पाहिजेत. ५० टाकले आणि तिसऱ्यात ११ आले, तर मुख्य चाचणीचा निकाल कितीही देखणा असो, बाजूला ठेवायचा. न्यूट्रलायझर बदलून पुन्हा सुरुवात. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त दिवस इथेच जातात आणि ते फुकट जात नाहीत.

मुख्य चाचणी

गोठवलेल्या नळीतून ट्रिप्टिक सोय अगारवर वाढवा. चाचणी थेट पहिल्या प्लेटवरून लावू नका, दुसऱ्या किंवा तिसऱ्या सबकल्चरचे जिवाणू घ्या, १८ ते २४ तासांचे.

पातळ करायचं द्रावण म्हणजे लिटरला १ ग्रॅम ट्रिप्टोन आणि ८.५ ग्रॅम मीठ. त्यातल्या १० मिलिमध्ये ५ ग्रॅम काचेचे मणी घालून त्यात जिवाणू सोडा आणि तीन मिनिटं हलवा. गुठळ्या फुटल्या पाहिजेत. गुठळीच्या पोटातला जिवाणू जंतुनाशकापासून लपून राहतो, आणि दहा जिवाणूंची गुठळी प्लेटवर एकच कॉलनी देते. मण्यांवरून वरचं द्रावण उचला, गढूळपणा मोजून मिलिलिटरला १५ ते ५० कोटी जिवाणू येतील असं जुळवा आणि दोन तासांत वापरा. गढूळपणाचा अंदाज झाला तरी प्लेट लावून खरी संख्या काढायचीच.

प्रथिनांची पातळी दोन प्रकारची ठेवा. स्वच्छ स्थितीसाठी चाचणीत लिटरला ०.३ ग्रॅम बोवाइन अल्ब्युमिन. घाणेरड्या स्थितीसाठी ३ ग्रॅम अल्ब्युमिन आणि ३ मिलि मेंढीच्या तांबड्या पेशी. हे आकडे मिश्रणातले आहेत, साठ्याचं द्रावण दहापट दाट करावं लागतं. वाहणाऱ्या जखमेसाठी मला हेही अपुरं वाटतं. स्रावात प्रथिनं याहून कितीतरी जास्त असतात. म्हणून तिसरी स्थिती लावा: मिश्रणात निम्मा सीरम राहील अशी. त्यासाठी जंतुनाशकाचा वाटा निम्म्यावर येतो, आणि तो तसा आला हे निकालाशेजारी लिहायचं. प्रमाणित चाचणीचा हा भाग नाही, तरी बऱ्याच द्रावणांचं पितळ तिथेच उघडं पडतं.

आता प्रत्यक्ष कृती. सगळं २० अंशांच्या पाण्यात ठेवून त्या तापमानाला आणा. १ मिलि प्रथिनांच्या द्रावणात १ मिलि जिवाणू घालून दोन मिनिटं थांबा. ८ मिलि जंतुनाशक घाला, त्याच क्षणी स्टॉपवॉच सुरू करा, व्हॉर्टेक्सवर (नळी हलवणाऱ्या यंत्रावर) मिसळा. ठरलेली वेळ होताच १ मिलि उचलून ८ मिलि न्यूट्रलायझर आणि १ मिलि पाणी असलेल्या नळीत सोडा, मिसळा, पाच मिनिटं ठेवा. त्यातून १ मिलिच्या दोन प्लेटा लावा, मग न्यूट्रलायझरमध्येच दहा-दहापट पातळ करत पुढच्या. ही मालिका सलाइनमध्ये करण्याचा मोह होतो, तो टाळा.

१० मिलिमध्ये ८ मिलि द्रावण गेलं म्हणजे तयार बाटली इथे फार तर ८० टक्क्यांनी तपासली जाते. पातळ न करता वापरायच्या उत्पादनासाठी ९७ टक्क्यांची सुधारित पद्धत आहे. तिच्यात जिवाणू आणि प्रथिनांचं द्रावण अगदी थोड्या पण दाट स्वरूपात घालून ९.७ मिलि उत्पादन वापरतात. कोणती वापरली ते लिहायला विसरू नका.

वेळा: ३० सेकंद, १, ५ आणि १५ मिनिटं. ३० सेकंदांच्या नळीसाठी दोन माणसं लागतात, एक वेळ सांगणारं आणि एक पिपेट धरणारं. २० अंशांची चाचणी तुलनेसाठी आहे. जखम त्याहून उबदार असते, म्हणून निवडक जोड्या ३२ अंशांनाही लावा.

प्लेटा ३६ ते ३७ अंशांत २० ते २४ तास ठेवून मोजा, आणि तशाच परत ठेवून आणखी एका दिवसाने पुन्हा मोजा. जंतुनाशकाने जखमी झालेले जिवाणू उशिरा उठतात. स्टॅफिलोकॉकसच्या टाचणीच्या टोकाएवढ्या कॉलन्या पहिल्या दिवशी नजरेतून निसटतात.

हिशोब, आणि टक्क्यांचा फसवेपणा

समजा जिवाणू-द्रावणात मिलिलिटरला ३० कोटी होते. मिश्रणात ते दहापट पातळ झाले, म्हणजे ३ कोटी. त्याचा लॉग ७.४८. स्वच्छ स्थितीत एका मिनिटानंतर न्यूट्रलायझरच्या पहिल्या प्लेटांवर १४ पेक्षा कमी कॉलन्या आल्या. १४ च्या खाली आकडा विश्वासार्ह नाही, म्हणून "१४ पेक्षा कमी" एवढंच धरायचं. न्यूट्रलायझरमधली दहापट धरून १४० पेक्षा कमी, लॉग २.१५ पेक्षा कमी. घट ५.३३ पेक्षा जास्त. ईएन १३७२७ ला निदान ५ लॉग हवे असतात, तेव्हा पास. इथे "सगळे मेले" असं लिहू नका, मोजण्याची मर्यादा तेवढीच आहे.

आता घाणेरड्या स्थितीत त्याच वेळेला, न्यूट्रलायझरच्या शंभरपट पातळ नमुन्यावर ९६ आणि १०४ कॉलन्या आल्या. सरासरी १००, गुणिले १००, गुणिले १०, म्हणजे १ लाख. लॉग ५. घट २.४८. टक्क्यांत मांडलं तर ९९.६७ टक्के जिवाणू मेले! जाहिरातीत हा आकडा शोभून दिसेल. पण दर मिलिलिटरला १ लाख जिवाणू जिवंत राहिले, हे तो सांगत नाही. त्यामुळे अहवालात टक्के वापरायचेच नाहीत, असा मी नियम केला आहे.

प्रत्येक जोडी तीन वेगवेगळ्या दिवशी, नव्या कल्चरपासून लावा. एकाच दिवशी तीन नळ्या लावणं म्हणजे तीन वेळा केलेली चाचणी नव्हे. सरासरी आणि विचलन लॉगवर काढा, मूळ संख्यांवर नाही. प्रतिरोधक आणि साधा जिवाणू यांतला फरक अर्ध्या लॉगहून कमी असेल तर त्यावर मोठं विधान उभारू नका, पिपेटच्या हातात तेवढा फरक सहज असतो.

बायोफिल्म

वरचं सगळं तरंगणाऱ्या जिवाणूंवर झालं. जखमेत ते स्वतःच्या चिकट आवरणात घर करून बसतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सूक्ष्मदर्शकाखाली ५० जुनाट जखमांपैकी ३० मध्ये बायोफिल्म दिसली, तर १६ ताज्या जखमांपैकी फक्त एकीत. जुनाट जखमेसाठीचं द्रावण फक्त तरंगत्या जिवाणूंवर तपासून बाजारात आणणं मला मुळीच मान्य नाही.

सुरुवातीला ९६ खुंट्यांच्या झाकणाची पद्धत बरी. तिचं अमेरिकी मानक एएसटीएम ई२७९९, सुडोमोनाससाठी लिहिलेलं. खुंट्यांवर बायोफिल्म वाढवा, सुटे जिवाणू धुऊन काढा, जंतुनाशकात बुडवा, न्यूट्रलायझरमध्ये आणा, अल्ट्रासॉनिक बाथमध्ये जिवाणू सोडवा आणि प्लेट लावा. तो बाथ जिवाणूंना मारत नाही ना आणि खुंटीवर काही चिकटून राहत नाही ना, याचे कंट्रोल लागतात. राहिलेले जिवाणू "मेलेले" म्हणून मोजले गेले की पुन्हा तीच कोरी प्लेट. यात यश आलं तर पुढे सीडीसी बायोफिल्म रिॲक्टर (वाहत्या माध्यमात बायोफिल्म वाढवणारं उपकरण), आणि जखमेच्या जवळ जायचं तर बोल्टन ब्रॉथमध्ये निम्मा प्लाझ्मा आणि रक्त घालून वाढवलेली मिश्र बायोफिल्म.

२४ तासांची आणि ७२ तासांची, दोन्ही वयांची बायोफिल्म लावा, जुनी जास्त चिवट असते. क्रिस्टल व्हायोलेटने रंगवून निकाल देऊ नका. तो रंग मेलेल्या जिवाणूंना आणि रिकाम्या आवरणालाही लागतो. इथे १ मिनिटाला काहीच न घडणं नेहमीचं आहे, म्हणून २४ तासांपर्यंतच्या वेळा ठेवा, ओल्या ड्रेसिंगखाली द्रावण तेवढा वेळ राहू शकतं.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनच्या आधी, पहिल्या महायुद्धात हे ताडलं होतं. काचेच्या नळीला पोकळ काटे काढून त्यांनी खाचाखोचांची जखम बनवली. ती दूषित सीरमने भरून, रिकामी करून जंतुनाशकाने भरली, मग पुन्हा ताजं सीरम घातलं. काट्यांच्या टोकांशी उरलेले जिवाणू पुन्हा वाढले. जंतुनाशक तिथपर्यंत पोचलंच नव्हतं. तुमच्या प्रयोगशाळेतही अशी नळी काच ओढून करता येते, आणि नव्या सहकाऱ्यांना ती एकदा दाखवावी असं मला वाटतं.

पेशींची बाजू

जिवाणू मारणारी मात्रा माणसाच्या पेशींनाही मारत असेल तर जखम भरणार कशी? एल९२९ (उंदराच्या फायब्रोब्लास्ट) आणि हॅकॅट (माणसाच्या त्वचेच्या) पेशींवर तेच द्रावण, तोच वेळ, तेवढाच सीरम घालून तपासा. आयएसओ १०९९३-५ हे त्याचं मानक. जिवाणूंची चाचणी सीरमशिवाय आणि पेशींची सीरमसह अशी तुलना पुष्कळदा केली जाते. ती सरळ अन्यायाची आहे, कारण सीरम दोन्हीकडे जंतुनाशकाला बांधून ठेवतं.

२००८ मध्ये मांडलेला जैवसुसंगती निर्देशांक इथे कामी येतो. निम्म्या पेशींना इजा करणारी मात्रा भागिले ३ लॉग घट देणारी मात्रा. १ च्या वर असेल तर पेशींच्या आधी जिवाणू मरतात. त्या मांडणीत ऑक्टेनिडिन आणि पीएचएमबी १ च्या वर आले. पण निर्देशांक चांगला म्हणून कुठेही वापरा असं नाही. ऑक्टेनिडिन दाबाने खोल ऊतींत सोडल्यावर सूज आणि ऊती मरण्याच्या घटना नोंदलेल्या आहेत, पीएचएमबी कूर्चेवर नको आणि क्लोरहेक्सिडिन मधल्या कानात जाऊ देऊ नये. हे इशारे अहवालात निकालाशेजारीच यावेत.

सवय लागते का

कमी मात्रेत वारंवार राहिल्यावर जिवाणू बदलतो का, हाही रास्त प्रश्न आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात क्लोरहेक्सिडिनच्या सान्निध्यात राहिलेल्या क्लेब्सिएलाच्या काही जिवाणूंत कोलिस्टिनलाही प्रतिरोध आला होता, आणि कोलिस्टिन तर शेवटच्या औषधांपैकी एक. असा प्रयोग जैवसुरक्षा समितीच्या परवानगीशिवाय करू नका. बहुतेकांना त्याची गरजही नाही. ज्या वॉर्डात एखादं जंतुनाशक बराच काळ वापरात आहे, तिथल्या जिवाणूंची एमआयसी दरवर्षी मोजून ठेवली तरी सरकणारा कल दिसतो.

अहवाल आणि उघडी बाटली

अहवालात ही माहिती हवीच: उत्पादनाचा बॅच क्रमांक, उघडल्याची तारीख, तपासलेली खरी टक्केवारी, जिवाणू आणि त्यांचा प्रतिरोध पुन्हा कधी पडताळला, प्रथिनांची स्थिती, तापमान, न्यूट्रलायझरचे घटक, तिन्ही कंट्रोलचे आकडे आणि प्रत्येक प्लेटच्या कच्च्या मोजण्या. नापास जोड्याही लिहा. वॉर्डातल्या परिचारिकेला एकच ओळ लागते: "ही जखम आधी सलाइनने धुऊन, मग हे द्रावण इतकी मिनिटं ठेवा." ती ओळ लिहिता येत नसेल तर चाचणीतली एखादी स्थिती अजून लावायची राहिली आहे.

शेवटी वॉर्डातून वापरात असलेल्या, अर्ध्या रिकाम्या बाटल्या मागवा. १९८० च्या दशकात पोव्हिडोन-आयोडीनच्या बाटल्यांतच बर्कहोल्डेरिया सेपेशिया जिवंत सापडला होता, तेव्हा त्याला सुडोमोनास सेपेशिया म्हणत. बाटलीतला १ मिलि न्यूट्रलायझरमध्ये घालून दोन प्लेटा लावा, एक ३७ अंशांत तीन दिवस आणि एक खोलीच्या तापमानाला सात दिवस. या प्लेटा मात्र कोऱ्याच यायला हव्यात, आणि तिसरा कंट्रोल शेजारी असल्याशिवाय त्या कोरेपणावरही सही करू नका.